कोरा रकाना

कसबा बावडा,
२४ नोव्हेंबर २००७

विश्वजित,

सप्रेम जयभीम. आजवर तुला कधी जयभीम केला नव्हता, आज करते. पुण्यातली नवी नोकरी बरी चालली असेल. इथे उसाचं गळीत सुरू झालं, कारखान्याच्या वासाने खिडक्या लावून बसतो. आपण दोघांनी उभी केलेली लग्नस्थळांची साइट चालू आहे. मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

गेल्या रविवारी मनालीला बघायला पाहुणे आले होते, आपल्याच साइटवरून. माझ्या या धाकट्या बहिणीने जातीचा रकाना मुद्दाम कोरा सोडला होता. जात न विचारता येईल त्यालाच हो म्हणायचं, हा तिचा हट्ट. पोहे खाता खाता मुलाच्या मामाची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली. त्याने बशी खाली ठेवली.

"जात लपवून पोरगी खपवाय लागलायसा व्हय?"

"लपवलं काय, पावणं? फोटो भितीवरच हाय की," आमचे आण्णा म्हणाले. वडिलांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मामाने साइटवरचं छापलेलं पान पुढे केलं. मनालीच्या नावाखाली जात होती: मराठा.

तेव्हापासून मनाली माझ्याशी बोलत नाही. साइट माझी, म्हणजे ते मीच घातलं, मला आपल्या माणसांची लाज वाटते, असं तिने धरून ठेवलंय.

सोमवारी साइटच्या कोडची फाइल उघडली. स्थळाच्या क्लासमधल्या बाकी सगळ्या प्रॉपर्टी, म्हणजे रकाने, तू रिकाम्या ठेवल्यास. जातीला तेवढी सुरुवातीलाच 'मराठा' ही डिफॉल्ट व्हॅल्यू देऊन टाकलीस. कुणी काही भरलं नाही की पीएचपी आपोआप तेच दाखवणार. फोनवर म्हणालास, "निम्म्याहून जास्त तीच स्थळं असत्यात. रिकामं बरं दिसत न्हाय." कुणाला बरं दिसत नाही रे?

पुढचं लिहायचं नव्हतं. पन्हाळ्याला तुझ्या घरी जेवायला बसलो होतो. तुझ्या आई, काकू, म्हणाल्या, "जाधव म्हंजे आपलीच की पोरगी!" मी सांगायला तोंड उघडलं, तर तू गुडघ्याने ढोसलंस आणि रस्सा मागून घेतलास. मला ते प्रेम वाटलं. वेळ बघून तूच सांगशील असं वाटलं. दोन वर्षं झाली, तुझी वेळ आली नाही. काकू मला सून धरून चालल्यात आणि तू खुशाल पुण्याला गेलास. मला तुझी किळस येते, विश्वजित.

फाइलमधली ती 'मराठा'ची ओळ मी बदलली. आता कोरं असेल ते कोरंच दिसतं.

इथवर लिहून पत्र मनालीपुढे ठेवलं. तिने सगळं वाचलं आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "आणि त्येच्या आईला कोण सांगणार, ताई?"

म्हणून दुसरी प्रत काढली. ती काकूंच्या नावाने सकाळीच पन्हाळ्याला टाकली. तुला हे मिळेल तोवर त्यांचं वाचून झालेलं असेल.

मनालीची ताई,
संघप्रिया जाधव