झाकण नसलेली ताटली

तीर्थस्वरूप दंतवैद्य दादांस,

तोंड मिटून साष्टांग नमस्कार. (तू माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा पाचच महिन्यांनी मोठा, पण तुझ्या हातात पक्कड आल्यापासून तुला दादा म्हणणंच बरं वाटतं.) वहिनींचे गुडघे, तुझं पित्त आणि दवाखान्यातली ती करकरणारी खुर्ची, सगळी मंडळी ठीक असतील असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे; फक्त तीन दिवस झोप नाही, जेवण नाही आणि एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहायला घेतल्यापासून चारदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा ती उघडायला, आणि एकदा कशासाठी ते दारापर्यंत जाऊन आठवेना म्हणून परत आलो.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई तुला माहीत आहेत. (तुझ्या दवाखान्यातल्या मासिकांवर त्यांच्या वाचनालयाचे शिक्के असतात; ते कसे, हे मी विचारत नाही.) त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. नियमाप्रमाणे ती तीन महिन्यांतून एकदा तपासायची, मी पंधरा दिवसांतून एकदा तपासतो. तिच्याइतकी निरोगी लिफ्ट या शहरात दुसरी नाही. दादा, आमची ही जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून घरात "जेवलात का" असं विचारणारं कोणी नाही, हे मी कधी बोललो नाही, तुलाही नाही. तर एका दुपारी मी लिफ्टला तेल घालून वर आलो, तेव्हा बाई डबा उघडून दोन काड्यांनी सुशी खात होत्या. तुम्हाला आवडते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फार. तोपर्यंत कच्चा मासा मी बाजारात पाहिला होता, तोही नाक धरून. शिवाय तोंडात तुझी नवी कोरी कवळी होती आणि ती कवळी आहे हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

एकदा "फार" म्हटल्यावर आवड लावून घेणं आलं. बसस्थानकामागच्या दुकानातला भात इतका टणक होता की घास ताटलीत पडल्यावर आवाज झाला. दुसऱ्या ठिकाणी खुर्च्या उंच. पाय लोंबकळत ठेवून मला जेवता येत नाही. तिसरीकडे मासा कोमट आणि भात गार, म्हणजे नेमकं उलट. (हिरव्या तिखट गोळ्याची हकिकत सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि सगळे ती सांगतात.) सगळीकडून अर्धं टाकून उठलो, पण घरी येऊन स्वस्थ बसवेना, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन दुकान. अशी चौथी जागा सापडली ती शिंप्याच्या दुकानामागे, जिन्याखाली. सहा खुर्च्या. म्हातारा स्वयंपाकी समोर उभा राहून एकेक घास वळून देतो आणि तो खाईपर्यंत आपल्या तोंडाकडे बघत राहतो. पहिला घास मी गिळला. दुसरा चावला. तिसऱ्याला काय झालं कोण जाणे. भात हाताच्या उबेचा, वर गार मासा, आणि दोन्ही एकदमच विरघळले. माझा उजवा गुडघा, जो शाळेपासून हलतोय (बाकाखाली तू त्यावर पाय दाबून धरायचास), तो थांबला. मी खाली वाकून बघितलं, खरंच थांबला होता. त्या दिवशी मी चौदा घास खाल्ले.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? बाईंना त्याच जिन्याखाली न्यावं. मी विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या, आणि मी इतका गडबडलो की लिफ्ट चालू असताना चार मजले जिन्याने उतरलो. मग मनात भीती शिरली. म्हातारा तोंडाकडे बघणार, बाई त्याच्याकडे बघणार, कवळी सरकली तर दोघांनाही दिसणार. म्हणून मी त्यांना त्या मोठ्या दुकानात नेलं, जिथे सरकत्या पट्ट्यावरून ताटल्या फिरतात आणि आपण हवी ती उचलायची. (खरं सांगायचं तर मला तो पट्टाही बघायचा होता. एक फेरी साडेचार मिनिटांची. गती ठीक आहे, वळणावर गचका बसतो.)

सगळं छान चाललं होतं. बाई हसत होत्या, मी तोंड अर्धंच उघडून हसत होतो. तेवढ्यात सुशीभोवती गुंडाळतात त्या काळ्या शेवाळाची पट्टी कवळी आणि टाळू यांच्यामध्ये जाऊन बसली. जिभेने ढकलली, चहाने भिजवली, हलेना. बाई हात धुवायला उठल्या आणि मी संधी साधली. रिकामी ताटली घेतली, कवळी काढून तिच्यात ठेवली, आता रुमालाने पुसणार, इतक्यात पट्ट्याखालून खट् असा आवाज आला. बेअरिंग. तू सांग, तीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस असा आवाज ऐकून सरळ बसेल का? मी खाली वाकलो आणि हात मोकळा हवा म्हणून ताटली समोर ठेवली. समोर म्हणजे पट्ट्यावर.

वर बघतो तर तुझी कारागिरी एका मोठ्या कुटुंबासमोरून चालली होती. इतर ताटल्यांवर झाकणं होती, हिच्यावर नव्हतं. ओरडायला तोंड उघडावं तर तोंडात काही नाही. मी टेबलांना वळसा घालून धावलो. वाढणारी मुलगी मला बसायला सांगू लागली, आणि तेवढ्यात भिंतीवर मला लाल बटण दिसलं. लाल बटण दिसलं की माझा हात मला विचारत नाही. पट्टा थांबला आणि ताटली थांबली ती बरोबर त्या वळणावर, जिथे बाई हात पुसत येत होत्या.

त्यांनी बघितलं. शेजारच्या ताटलीचं झाकण काढून त्या ताटलीवर ठेवलं, ती माझ्यासमोर आणून ठेवली, स्वतःच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "चहा गरम आहे, आधी घालून घ्या." मग त्यांनी पुस्तकांना लागणाऱ्या वाळवीबद्दल बोलायला सुरुवात केली, ती दारात निरोप घेईपर्यंत. दाती तृण धरून माफी मागावी म्हटलं, तर मला दातांचं नावच काढवेना. तेव्हापासून तीन दिवस मी वाचनालयाच्या रस्त्याने जात नाही.

तरी दादा, माझी एवढीच मागणी आहे की कवळी घट्ट करून दे, शेवाळ शिरणार नाही अशी. वहिनींना नमस्कार.

तुझा बोळका भाऊ

ता. क. कवळीचं राहू दे. तू वाचनालयाचा सभासद आहेस, उद्या एखादं पुस्तक बदलायला जा आणि बाई माझ्याबद्दल काही बोलतात का बघ. हसल्या तर मला कळवू नकोस.

आणखी एक ता. क. जाऊ नकोस. पाकीट चिकटवत होतो तोच वाचनालयातून फोन आला की लिफ्ट अडकली, बाई आत आहेत. धावत गेलो. दोन मजल्यांच्या मध्ये उभी होती. मोटर ठीक, दोर ठीक, दार ठीक. लाल बटण आतून दाबलेलं होतं. दाराच्या फटीतून बाई म्हणाल्या, "तीन दिवस वाट बघितली, तुमची लिफ्ट काही बिघडेना." मग म्हणाल्या की त्यांची दातांची खालची ओळ तुझ्याकडचीच आहे, चार वर्षं झाली, आणि शेवाळ तिच्यातही अडकतं. (हे तू मला कधी बोलला नाहीस म्हणून रागावणार होतो, पण माझंही तू त्यांना सांगितलं नव्हतंस हे लक्षात आलं.) बटण सोडा म्हणालो, तर आधी रविवारचं सांगा म्हणाल्या. जिन्याखालच्या दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "जेवलात का?" नाही म्हणालो, तीन दिवस. त्यांच्याशी खरं बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ.