नववा भाग

३ जून

प्रिय बारके,

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो आणि मला अख्ख्या घरापुढे भाषण केल्यासारखं वाटतं. म्हणून वाचनालयाच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथलं टपाल तूच उघडतेस, तेव्हा बरं. आम्ही दोघं मजेत. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतो, मी कुरकुरते, घर कसं भरलेलं वाटतं.

तू पाठवलेली कोरियन सिनेमांची यादी देवासारखी धावून आली. निवृत्त होऊन चार महिने झाले, कपाटं तीनदा आवरून झाली, आता काय भिंती आवरू? तर रोज दुपारी जेवणं उरकली की आम्ही टीव्हीसमोर बसतो. माझा चष्मा खालच्या ओळींना पुरत नाही, म्हणून दाजी मोठ्याने वाचून दाखवतात. तुला माहीतच आहे, तीस वर्षं बसच्या इंजिनात डोकं घातलेला माणूस. “तुझ्या रक्ताने हात धुईन” हे वाक्य ते अशा आवाजात वाचतात, की जणू टायरची हवा किती ते सांगतायत. खलनायकाची पार रया जाते.

पण बाई, मारामाऱ्या! काल एक बघितला. नायक गाड्या धुण्याच्या जागेत एकटा चौदा जणांना लोळवतो. सगळीकडे साबणाचा फेस, कोण कुठे घसरतंय कळत नाही. मध्येच त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर लोखंडी सळई बसते. चांगला आवाज येतो, मोडल्याचा. आणि पुढच्या प्रसंगात हा पठ्ठ्या कोट घालतोय! दोन्ही हात वर करून! अगं, ते हाड मोडलेल्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, दोन माणसं लागतात. एकोणतीस वर्षं प्लास्टर रूममध्ये काढलेल्या बाईने हे निमूट बघायचं म्हणजे शिक्षाच. मी मोडलेली हाडं मोजायला लागले. एका सिनेमात एकेचाळीस, आणि प्लास्टर कुणालाच नाही. शेवटी एका गुंडाच्या हाताला दिसलं, तर कोपर सरळ ठेवून घातलेलं! मी ओरडले, “अरे, कुणी घातलं हे?” दाजी म्हणाले, “थांब, शेवटच्या नावांच्या यादीत अजून त्याचं नाव आलेलं नाही.”

तरी सांगते, मला आवडतात. त्यांच्यातले मोठमोठे अधिकारी कोपऱ्यात जाऊन रडतात, ते बघून मला बरं वाटतं.

ती लांब कोटवाल्या अधिकारी बाईची मालिका सुरू केली आहे. जुन्या बंद फायली उघडत बसते ती. तीन भाग झाले. तू बजावलं आहेस, नवव्या भागापर्यंत सोडायची नाही म्हणून. नाही सोडत गं. एवढं काय आहे त्या नवव्यात?

तब्येतीला जप. यजमानांना नमस्कार सांग.

तुझी ताई


१९ जून

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. वाचनालयात नवी कपाटं आली हे वाचून आनंद झाला. पुस्तकं लावताना वरच्या फळीला तू हात घालू नकोस, शिपायाला सांग. गार हवेत तुझा डावा हात दुखतो का अजून? दुखत असेल तर शेकत जा, नुसता चोळू नकोस.

मालिका चालू आहे. त्या अधिकारी बाईच्या हाताखाली एक जाडा हवालदार आहे, तो दाजींना फार आवडतो. तो पडद्यावर आला की ते ओळी वाचायचं सोडून हसत बसतात आणि मला काही कळत नाही. आठवा भाग फारच जीव टांगणीला लावणारा निघाला. नववा लावला होता, पण मध्येच लाइट गेली. मग पाहुणे आले. मग राहूनच गेलं.

शेजारच्या शिक्षिकाबाईंनी भिंतीला नवा रंग दिला. हिरवा. इस्पितळात असतो तसला. मला उगीचच कामावर आल्यासारखं वाटतं.

बाकी विशेष काही नाही. म्हणजे लिहिण्यासारखं नाही. घाईत आहे.

ताई


२ जुलै

बारके,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. “ताई, लाइट आली का?”

लाइट गेलीच नव्हती. मीच टीव्ही बंद केला.

कुठे बंद केला ते तुला ठाऊक आहे. ती अधिकारी बाई हाडांच्या डॉक्टरकडे एका बाईचा जुना एक्स-रे घेऊन जाते. डॉक्टर तो काचेवर लावते, बोट ठेवते आणि बोलते. दाजी आपल्या त्याच आवाजात वाचत होते, “पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. हिचं कोपर ते मनगट, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं आहे. हिने डोक्यावरचा मार हातावर झेलला.” वाचून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “एवढं कळतं का गं खरंच?” मी म्हणाले, “नेहमी नाही.” आणि रिमोट दाबला.

नेहमी नाही कळत, हे खरं आहे. पण तुझं कळलं होतं.

अकरा वर्षं झाली. तू प्लास्टर रूमच्या दारात उभी होतीस, ओढणीत हात गुंडाळून. तुझ्या घराजवळ दोन दवाखाने आहेत, ते सोडून, दोन बस बदलून तू माझ्याकडे आली होतीस. का आली होतीस, हे एवढ्या वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. फुकट होईल म्हणून आलीस, असं मनाला सांगितलं.

आमच्याकडे पद्धत अशी, की रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘कशाने’ हा रकाना प्लास्टरवाल्याने भरायचा. रुग्णाला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं. डॉक्टर ते बघून पुढचे प्रश्न विचारतात. एकोणतीस वर्षांत मी हजारो माणसांना विचारलं असेल. तुला नाही विचारलं. मी एक्स-रे उजेडासमोर धरला, ते हाड बघितलं, आणि तू तोंड उघडलंस तेवढ्यात मीच म्हणाले, “जिन्यावरून पडलीस ना गं?” मग तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मान हलवलीस. मी लिहून टाकलं, ‘जिन्यावरून पडून’. डॉक्टरांनी सही केली. माझी बहीण म्हटल्यावर त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. दुसरी कुणी बाई असती तर तिला चार प्रश्न तरी आले असते. माझ्याकडे आलीस म्हणून तुला तेवढेही मिळाले नाहीत.

आणि प्लास्टर मी किती सुरेख घातलं होतं! सगळ्यांना दाखवत होते.

का केलं, ते सांगते. सबब म्हणून सांगत नाही. ते स्थळ मी आणलं होतं. आई नको म्हणत होती, मी भांडून तिला राजी केलं. माझ्याबरोबरची नर्स तिथे कापूस कापत उभी होती आणि तिच्यासमोर माझ्या घरातलं बाहेर पडेल याची मला लाज वाटली. तुझ्या हाताहून मला ती लाज मोठी वाटली. नंतर तू येणं कमी केलंस. मी सगळ्यांना सांगायचे, बारकी संसारात रमली.

त्या दिवशी टीव्ही बंद केल्यावर दाजींनी रिमोट मागितला. मग मी त्यांना सांगितलं. सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग तिने तुला काय सांगितलं होतं?” मी म्हणाले, “मी सांगूच दिलं नाही.” हे तोंडातून निघालं तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. मी हुंदके देऊन रडले, बारके. ते उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेले आणि तिकडेच उभे राहिले.

नंतर मी तो भाग पुन्हा लावला, पूर्ण बघितला. तुला त्यातलं काय दाखवायचं होतं, ते आता विचारत नाही. मला कळलं होतं की नव्हतं, हेच तुला जाणून घ्यायचं होतं ना? कळलं होतं. तेव्हाच. पहिल्या नजरेत.

यापुढे तुझ्या नवऱ्याला मी अहोजाहो करणार नाही, आणि नमस्कारही पाठवणार नाही. अजूनही तो हात उचलतो का, हे मला माहीत नाही. फोन स्पीकरवर का असतो, एवढं मात्र आता समजतं.

मागची खोली रिकामी केली आहे. दाजींनी खिडकीची कडी बदलली, कपाटाचा खण तुझ्यासाठी सोडला. मी इस्पितळात जाऊनही आले. जुनी कागदपत्रं अजून ठेवलेली आहेत. माझ्या हातची ती चिठ्ठी खोटी होती, असं मी लिहून सही करून द्यायला तयार आहे. ते कुठे द्यायचं, द्यायचं की नाही, हे तू सांगशील. खोलीचंही तसंच. तू यायलाच हवं असं नाही. एकदा मी तुझ्यासाठी ठरवून बघितलं, पुरे झालं.

येत्या गुरुवारी एक वाजता, तुझ्या जेवणाच्या सुट्टीत, मी वाचनालयात येते. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसेन. तुला बोलावंसं वाटलं तर समोर येऊन बस. नाही वाटलं तर तुझं काम चालू ठेव, मी दोन वाजता उठून जाईन आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्याही.

तू सुरुवात करेपर्यंत मी एक शब्दही बोलणार नाही.

ऐकायला येणारी,
तुझी ताई