फाइल कोणी पाहिली

३ मार्च
गाठ वाईट निघाली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट अ‍ॅपवर चढवलाय. कोणाला दाखवायचा ते तुमच्या हातात. चला, काहीतरी हातात आहे!
लेक वीस तारखेला परदेशी नोकरीला निघते आहे. विमान उडेपर्यंत तिला अवाक्षर कळता कामा नये. घरी येताच तिच्या नावापुढची परवानगी बंद केली.

६ मार्च
अ‍ॅपमध्ये ‘फाइल कोणी पाहिली’ अशी यादी असते. सहज उघडली. डॉक्टर. लॅब. पती — काल, सकाळी ११.१०.
ह्यांना जाऊन सात महिने झाले.

७ मार्च
आजही. पती — ११.१०.
जिवंतपणी या माणसाने औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कधी धड वाचली नाही. आता माझा रिपोर्ट वाचतोय, तोही वेळेवर! हसू आलं. मग उठून कपाट उघडलं. ह्यांचा चष्मा माझ्या कपाटात, फोन फोटोंसाठी म्हणून लेकीने नेलेला. बाकी काय उरलंय त्यांचं?
खरं सांगायचं तर — बरंही वाटलं. कुणीतरी जाणतंय.

१० मार्च
रोज ११.१०. शेवटी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, परवानगी तुम्ही दिलीत, तुम्हीच काढायची. आम्हाला हात लावता येत नाही. म्हटलं, अहो, ते वारले. “मग अ‍ॅपला कळवलंत का?”
बँकेला कळवलं, पेपरवाल्याला कळवलं. इथंच तेवढं राहून गेलं. राहिलं, की ठेवलं?

११ मार्च
‘पती यांना काढून टाकायचे?’ असं विचारतं मेलं. बोट मागे घेतलं.

१४ मार्च
लेक गरम कपडे न्यायला आली. माझ्याशी भांडल्याशिवाय ही उंबरा ओलांडत नाही. आज शब्दाला शब्द दिला नाही. जिन्यात माझ्या हातातली भाजीची पिशवी मुकाट्याने घेतली. गेल्यावर पाहिलं — कपडे पलंगावरच.

१५ मार्च
काढलं एकदाचं. जित्या बाईच्या फाइलीत किती दिवस मुक्काम ठोकणार? रागावू नका.

१६ मार्च
सव्वाअकराला लेकीचा फोन. “आई, बाबांना का काढलंस? आता मला कसं कळणार तुझं?”
तिकीट तिने पाच तारखेलाच रद्द केलंय.