वडिलांची ठासणीची बंदूक कोणाकडे जावी याबद्दल

मी, हेडली राइडआउट, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार स्पिलर्स टिकल, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, माझ्याच हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल असा दाखला द्यायला ते तयार नाहीत, म्हणून ही घाई. माझी बायको थर्झा हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे तिच्या नावावर होते आणि ती माझ्याआधी गेली.

कलम १. राहते घर, मागची लाकडाची खोप आणि धक्क्यापर्यंतची जमीन माझा मुलगा लॉर्न याला. तो अल्बर्टात तेलाच्या कामावर आहे आणि हे घर तो विकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त घेणाऱ्याला छप्पर कुठे गळते ते खरे सांगावे.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी लॉर्नला आणि निम्मी चर्चच्या सभागृहाला, नवी भट्टी बसवण्यासाठी. तिथे पत्ते खेळायला बसले की हातमोजे घालून पाने धरावी लागतात. पाद्रीसाहेबांनी हे पैसे रंगीत काचांवर उडवू नयेत. त्यांचा जीव त्या काचांत अडकला आहे हे मला पक्के माहीत आहे.

कलम ३. होडी आणि तिचे इंजिन या मृत्युपत्रात नाही. ते मी गेल्या महिन्यातच माझा धाकटा भाऊ क्लेमेंट, म्हणजे क्लेम, याला रीतसर देऊन टाकले आहे. होडी त्याला शोभते.

कलम ४. आता बंदूक. ही आमच्या वडिलांची, पुढून ठासायची, एका बाराची. गावात सगळे धरून चालले आहेत की ती क्लेमकडे जाणार. क्लेमही तसेच धरून चालला आहे. ती त्याच्याकडे जाणार नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहिले नाही तर माझ्यामागे या घरात भांडण राहील.

वडिलांचा नियम होता, मूससाठी, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याहून उंच सांबरासाठी, तीन बोटे. आमच्याकडे बार बोटांनीच मोजत. नळीत बंदुकीची दारू ओतायची, चिंधी आणि गोळी गजाने ठासून बसवायची, मग गजाचे जे टोक नळीबाहेर राहील त्यावर बोटे आडवी ठेवायची. तीन बोटे भरली की बार बरोबर. या नियमावर वडिलांनी आम्हाला वाढवले आणि क्लेमने तो बायबलासारखा मानला. आता वडील अंगाने किडकिडीत, बोटे जाळी विणणाऱ्याची, सडपातळ. क्लेमचा पंजा वल्ह्याएवढा. त्याची तीन बोटे म्हणजे वडिलांची चार भरून वर उरतील. तेवढी जास्त दारू तो प्रत्येक बाराला घालत होता. खांदा काळानिळा व्हायचा, तरी म्हणायचा, मूस काय ससा आहे का, दारू सढळ हातानेच घालावी. हे इतकी वर्षे आमच्या कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

चार वर्षांपूर्वी त्याने याच बंदुकीने, गोल गोळीने, एका मोठ्या नरावर बार टाकला. गोळी खांद्यावर लागली. मूस पडला नाही, झाडीत गेला. आम्ही रक्ताच्या मागावर फिरलो, रक्त संपले तरी फिरलो. शेवटी डोमकावळ्यांनी जागा दाखवली, तेव्हा मांस खाण्याजोगे राहिले नव्हते. क्लेमने चाकूने ती गोळी काढली. ती वरवरच, कोटाच्या बटणासारखी चपटी होऊन बसली होती. तो तिथेच ओल्या शेवाळावर बसला आणि रडला. माझा भाऊ नुसता बडबड्या आहे असे समजणाऱ्यांनी हे वाचावे.

आता व्हर्ना. ही लॉर्नची बायको होती. होती म्हणायचे, कारण कोर्टाने तसे ठरवले. आमच्या घरात तसे कोणी ठरवलेले नाही. लॉर्न निघून गेला, ही मासळीच्या कारखान्यात काम करत इथेच राहिली आणि थर्झाचे शेवटचे आजारपण हिनेच काढले. लॉर्न, तू चांगली बाई गमावलीस. हे तुला फोनवर सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिले.

ती चपटी गोळी टेबलावर पडली होती, तेव्हा व्हर्नाने ती उचलून बराच वेळ पाहिली. क्लेमने नेहमीप्रमाणे वडिलांच्या तीन बोटांचा नियम काढला. ती म्हणाली, "कोणाची बोटं, क्लेमकाका?"

आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या हाताकडे बघत बसलो. इतका साधा प्रश्न, आणि तो आम्हाला कधी पडला नव्हता. माझ्या मनातून तिची जागा त्या दिवशी जी वर गेली, ती पुन्हा खाली आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिने बोटे सोडून पितळी माप घेतले आणि खडीच्या खाणीत तळ ठोकला. थर्झाची जुनी चादर बंदुकीच्या तोंडापुढे अंथरली. क्लेमचा बार उडाला की चादरीवर न जळलेल्या दारूचे काळे दाणे पसरायचे, म्हणजे ती जास्तीची दारू नुसती धूर आणि धक्का देत होती. मग तिने गोळी बदलली. गोल गोळी सोडून लांबट, जवळजवळ दुप्पट वजनाची, मऊ शिशाची गोळी ओतली. तिच्यामागे दारू जास्त झाली की मऊ शिसे नळीच्या खाचा सोडून घसरायचे आणि गोळी भलतीकडेच जायची. म्हणून मापाने पाच पाच ग्रेन दारू कमी करत ती नव्वद ग्रेनवर आली. तिथे ऐंशी पावलांवर सगळ्या गोळ्या एका बशीत मावू लागल्या. भिजवलेल्या जुन्या कॅटलॉगांच्या थप्पीत गोल गोळी अर्ध्यावर अडकायची. ही जड गोळी सावकाश जायची, पण आरपार जाऊन मागच्या फळीत घुसायची. क्लेम खाणीच्या काठावर उभा राहून हे सगळे बघायचा आणि ती मापे, साचे बघून, बाईने बेकरी काढली म्हणून हसायचा. पण बघायला रोज यायचा.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे दलदलीच्या काठावर होतो. मी भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून मादीचा आवाज काढला आणि एक नर बाहेर आला. इतकी रुंद शिंगे मी आयुष्यात दोनदाच पाहिली आहेत. तो आडवा उभा राहिला, पण दलदलीच्या पलीकडे, तिच्या ऐंशी पावलांच्या दुप्पट अंतरावर. पुढे जायला जागा नव्हती. व्हर्नाने बंदूक उचलली, नेम धरला आणि थांबली.

क्लेम कानाशी कुजबुजला, "हाण ना! फोटो काढतेस का त्याचा?"

ती म्हणाली, "गोळी तिथवर जाईल, काका. पण तिथं पोचून ती काम करणार नाही." आणि तिने बंदूक खाली घेतली.

मूस वळला आणि निवांत चालत गेला. त्या हंगामात दुसरा दिसला नाही. परतताना तिने भरलेला बार चिखलाच्या बांधात उडवून टाकला. तो आवाज गावभर गेला आणि हिवाळाभर तिची थट्टा झाली. दुकानात कोणी विचारायचे, बंदूक फिरवून आणलीस का. तिच्या फ्रीजरमध्ये मांसाचा तुकडा नव्हता. खारा मासा आणि बटाट्यांवर तिने वसंत गाठला. एकालाही तिने उलटून उत्तर दिले नाही, की अंतराचे कारण सांगितले नाही. मी साठ वर्षे शिकारीला जात आहे. अचूक नेमाची माणसे मी पुष्कळ पाहिली. तिने त्या दिवशी केले तसे करणारे दुसरे कोणी पाहिले नाही. मला तिचा अभिमान वाटतो.

सबब वडिलांची बंदूक, गज, शिसे ओतायचा साचा आणि दारूचा उरलेला डबा व्हर्ना राइडआउट हिला. रक्ताचे नाते नाही, अशी हरकत कोणी घेतली तर ती ऐकली जाऊ नये.

कलम ५. मला थर्झाच्या डाव्या बाजूला पुरावे. भाषण नको. नंतर खारवलेल्या गोमांसाचे जेवण असावे. डॉक्टरांनाही बोलवावे. मला त्यांनी ते तीन वर्षे खाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी समोर बसून खावे.

कलम ६. वकिलांनी फोनवर सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. हा नियम क्लेमला पाठ आहे. वडिलांच्या सहीच्या वेळी याच कारणाने त्याला अंगणात थांबवले होते. आज मी त्याला साक्षीसाठी बोलावले, तेव्हा बंदूक आपली नाही हे त्याला दारातच कळले. तो आत आला आणि बसला. पोस्टातल्या ओडेसा पेंटन दुसऱ्या साक्षीदार म्हणून आल्या आहेत. वरची पाने क्लेमच्या हातात आहेत आणि हे कलम मी तो समोर असताना लिहीत आहे. तो उठून गेला तर उरलेले दिवस मला भावाशिवाय काढावे लागतील, याची मला भीती वाटते.

त्याने सगळे वाचले. ऑक्टोबरच्या पानावर तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "माझ्या रडण्याचं लिहायलाच हवं होतं का?"

मी हो म्हटले.

आमच्याकडे मूसचा परवाना दोघांच्या नावावर निघतो. या वर्षीचा व्हर्नाच्या आणि माझ्या नावाने आला आहे. क्लेमने त्याबद्दल विचारले. म्हणाला, "हंगामाला तू तर नसणार."

"नसेन."

"मग तुझ्या जागी माझं नाव घालता येतं का बघ. तिच्या खाली घाल. बार ती टाकेल, मादीची हाक मी घालीन."

मग त्याने ओडेसाबाईंना विचारले की हे काही मिळण्यात मोजतात का. त्या म्हणाल्या, मोजत नाहीत. त्याने पेन मागितले.

तरी परवाना देणाऱ्या खात्याने शक्य असल्यास माझ्या जागी त्याचे नाव घालावे, अशी माझी विनंती आहे.

ठिकाण: स्पिलर्स टिकल
तारीख: २२ ऑगस्ट २००९

लिहून ठेवणार: हेडली राइडआउट

साक्षीदार:

ओडेसा पेंटन, पोस्टमास्तर. माझ्यासमोर सही झाली.

क्लेमेंट राइडआउट, सख्खा भाऊ. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. ते वाचले, पटले, मग सही केली.