आमच्या मुलीची राहिलेली नोंद

३ मार्च १९९५, लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
जन्म-मृत्यू नोंदणीचं सूचनापत्र मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात. सेक्शनमध्ये मराठी मी एकटाच. जन्मदर उतरतोय, मृत्युदरही. पण तान्ही मुलं गेलेली कुणी लिहूनच देत नाही, मग उतरला तो आकडा खरा किती? साहेबांची हीच कटकट.
संध्याकाळी सुशीलेला वाचून दाखवलं. तिला कळलं तर गावात कळेल, हा आपला हिशोब. "मूल तासभर जगलं तरी जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदवावेत."
भाजी निवडत म्हणाली, "मग आपली?"

५ मार्च
सु. नुसतं जेवायला वाढते, बस.
सतरा वर्षं झाली. तिच्या माहेरी, वर्ध्याकडे. मुलगी झाली, दोन दिवसांनी गेली. सासरे ग्रामपंचायतीत नोंद करायला निघाले होते, मीच अडवलं. "दोन दिवसांचं लेकरू, कशाला कागद?" आणि मी तेव्हा याच खात्यात कारकून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाज वाटते रे बाबा.

१२ मार्च, रविवार
नोएडात फ्लॅट बघितला. अमित नाचतोय, "बाबा, ही रूम माझी, बिल्कुल!" चौदा वर्षांचा घोडा.
बिल्डरच्या माणसाने विचारलं, "बच्चे कितने, सर?"
मी म्हटलं, एक. त्याच क्षणी सु. म्हणाली, "दो."
तो अमितच्या मागे आणखी कुणी आहे का बघायला लागला.

२० मार्च
चौकशी केली. इतक्या उशिराच्या नोंदीला प्रतिज्ञापत्र, वर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. साक्ष कोणाची? सुईण वारली, सासरे गेले. सासूबाईंना आता माणसं ओळखू येत नाहीत. सु.ला कोर्टात उभं करवत नाही. उरलो मी. ज्याने दडवलं तोच साक्षीदार, वा!
साहेबांना वर्ध्याला जायला सुट्टी मागितली. कारण 'घरगुती' लिहिलं. खरं लिहायचं धाडस...

२६ मार्च, रविवार
फॉर्म भरायला बसलो. गाव, तारीख, आईबापांची नावं झाली. मुलीच्या नावापुढे 'ठेवले नव्हते' लिहायला घेतलं. सुशीलेने हात धरला.
"ठेवलं होतं."
"मला कधी बोलली नाहीस? काय गं नाव?"
"सतरा वर्षांत आज विचारताय. तेही फॉर्मला हवं म्हणून."
आत गेली. दार लोटून घेतलं. मी बाहेर बसून आहे. फॉर्म बाजूला ठेवलाय, पण आता आत जाऊन विचारू कोणत्या तोंडाने?