तुमच्या वाटणीची खरवड

आबा, काल आपल्या पितळी पातेल्यात खपली गव्हाची खीर केली. काठोकाठ. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं सोडून तुम्ही लेकीला हे एवढं थोरलं पातेलं दिलंत, तेव्हा मांडवात लोक हसले होते आणि मीही मनातून खट्टू झाले होते. तुम्ही गेल्यापासून ते माळ्यावर पालथंच होतं. परवा खाली काढलं, कल्हई करून आणलं आणि अंगणात तीन दगड मांडून त्यावर चढवलं. आज रजा टाकलीय आणि सकाळपासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय मला. भाजीवालीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. पण ज्यांना सांगायचं ते तुम्ही, म्हणून लिहायला बसले.

मी जतकडं एका शाळेत शिकवते. सोमवारी जाते, शनिवारी सांगलीला घरी येते. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह आहे आणि तिथलं पाणी टँकरचं. साठवायला टाकी नाही, त्यामुळे टँकर आला की तास कुठलाही चालू असो, पोरी घागरी घेऊन पळतात. नववीतली एक मुलगी, एरवी चुणचुणीत, गणितात सपशेल नापास झाली. मी जरा रागानंच विचारलं, तर म्हणते, "बाई, टँकर गणिताच्याच तासाला येतोय. मग मला गणित कुठनं येणार?" मला आधी हसू आलं आणि मग दिवसभर घास गोड लागेना. मोठी टाकी असती तर टँकर येईल तेव्हा येईल, पाणी ओतून जाईल आणि पोरी वर्गात बसतील. उन्हाळ्याच्या आत टाकी झालीच पाहिजे, असं मी घेतलं डोक्यात. आणि तुमची लेक मी, मला जेवणावळीशिवाय दुसरं सुचणार काय?

ओळखीपाळखीच्या सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडला, की घरी जेवायला या आणि मुलींच्या टाकीसाठी यथाशक्ती मदत करा. हे म्हणाले, "अगं, जेवायला बोलवायचं आणि पैसे मागायचे, हे आपल्याला जमायचं का?" मी म्हटलं, "तुम्ही गूळ फोडा." बिचाऱ्यांनी सकाळभर गूळ फोडला.

खीर ढवळायला उभी राहिले आणि तुम्ही आलातच. साताऱ्यातल्या खंडाळ्याकडचं आपलं घर, परसात चूल, आणि फौजेतनं रिटायर होऊन आलेले तुम्ही. लंगरात शेकडो जवानांना जेवू घातलेला माणूस, तुम्हाला घरच्या पाचजणांचा स्वयंपाक करताच येत नाही. मी पाटावर बसलेय आणि तुम्ही ओरडताय, "आगं, उलथनं तळाला लागू दे! वरवर काय हालवतीस, पाळणा हाय का त्यो?" मग पंगत बसते. भावकी, शेजारीपाजारी, वाटेनं जाणारा कुणी. सगळे ढेकर देऊन उठले की तुम्ही रिकामं पातेलं मांडीशी ओढता आणि एकटेच ते खरवडत बसता. आई म्हणते, "आवं, वाटीभर तरी राखायची हुती सोतासाठी." तुमचं ठरलेलं उत्तर, "ऱ्हाऊ दे गं. मला खरवड बास हाय." आई पदरानं डोळे टिपते. मी माझी अर्धी वाटी तुमच्यापुढं सरकवते आणि तुम्ही ती परत सरकवता.

आणि तो ट्रकवाला. घाटात गाडी बंद पडली म्हणून तुम्ही त्याला घरी जेवायला आणलंत. तो जेवून गेला तर ताटाखाली नोट. मी ती नाचवत तुमच्याकडं आले. तुम्ही माझ्या हातातनं ती हिसकावलीत आणि तसेच अनवाणी सडकेपर्यंत पळत जाऊन त्याच्या खिशात कोंबून आलात. आल्यावर मला म्हणालात, "ध्यानात ठिव पोरी. जेवल्याचं पैसं घेतलं, की त्यो पाव्हणा ऱ्हात न्हाई, गिऱ्हाईक हुतो." तुमचा असा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला.

तर काल. दारात हार घालून कळशी ठेवली होती, मदत टाकायला. माणसं आली, अहो किती आली! आणि एकजण रिकाम्या हाती आला असेल तर शपथ. टॉवेल, टोपी, ब्लाऊजपीस, नारळ. निरोप सगळ्यांनी वाचलेला, पण आपल्याकडं जेवायला जाताना पाकीट नेतात की आहेर? नारळांचा हा ढीग झाला आणि कळशी ठणठणीत. पंगत जोरात झाली. अख्खा मसूर, भाकरी, खर्डा, आणि खिरीवर दुधाची धार. मी हसून वाढत होते आणि आतून माझा धीर सुटत चालला होता. परत गेल्यावर त्या पोरींना काय सांगू? मग आमच्या शेजारचे हळदीचे व्यापारी उठले, हात धुतले आणि कळशीशी जाऊन त्यांनी चांगली नोटांची घडी काढली. आणि आबा, मी काय केलं असेल? धावत गेले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, कशाला! असू दे, असू दे!" घडी त्यांच्याच खिशात परत कोंबली. सगळ्या पंगतीदेखत! जे हात खिशाकडं गेले होते, तेही खाली आले. ह्यांनी कपाळाला हात लावला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

समोर राहणारे निवृत्त सुभेदार आपल्या साताऱ्याकडचेच. ते ताडकन उठले. "ताई, तुमचं काय चुकलं न्हाई. जेवणाचं पैसं आपल्यात कोण घेतंय? पर जत्रंत देवाचा नारळ लिलावात घेतोच का न्हाई आपुन? त्यात कुणाला कमीपणा हाय?" असं म्हणून ढिगातला एक नारळ उचलून ते ओट्यावर चढले. "बोला! पोरींच्या टाकीचा पयला नारळ!" आणि मग काय सांगू! हळदवाले बोलले, त्यांच्यावर डॉक्टरीणबाई बोलल्या, पार कोपऱ्यातनं आमचा इस्त्रीवाला बोलला. स्वतः आणलेला नारळ लोक चढ्या बोलीनं परत घेत होते आणि हसून हसून लोळत होते. सुभेदारांचा आवाज गल्लीच्या टोकाला जात होता, "एकवार! दोनवार! आवं डॉक्टर, माघार घेताय व्हय?" टॉवेल गेले, टोप्या गेल्या. कळशी भरली तशी सुभेदारांनी रिकामी घागर मागवली. आनंदानं मला रडू येत होतं आणि ते लपवायचंही मी सोडून दिलं होतं.

शेवटी काहीच उरलं नाही. सुभेदारांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि ओरडले, "आरं, ही खरवड हाय की!" सगळ्यात मोठी बोली तिला लागली. माझ्या ते काही डोक्यात शिरेना. ही एवढी शहाणी माणसं तळाला लागलेल्या खिरीसाठी का भांडतायत? हळदवाल्यांनीच ती जिंकली आणि वर बजावलं, "डबा भरून द्या बरं का, पातेलं नीट खरवडा." टाकीची सोय झाली आबा. टाकीची झाली आणि नळांचीही झाली.

माणसं गेल्यावर मी पातेलं मांडीशी ओढलं, तुम्ही ओढायचात तसंच, आणि खरवडायला लागले. उलथन्याला एक ढेप चिकटली. ती डब्यात जायला हवी होती, पैसे मोजून घेतलेली वस्तू ती. पण मी ती तोंडात टाकली. करपट गूळ, वेलदोडा, दाताखाली चिवट झालेली खपली. आबा, अख्ख्या पातेल्यात तसा घास नव्हता! आम्ही पंगतीत गोड गोड खीर खायचो, आई तुमच्यासाठी डोळे टिपायची, मी जन्मभर लोकांना सांगत आले की आमच्या आबांच्या वाट्याला कायम तळाचंच आलं. आणि तुम्ही पाठमोरे बसून हे खात होतात. लबाड कुठले!

हे पत्र कुठं धाडायचं ते ठाऊक नाही, आणि नाही गेलं तेच बरं. कारण हळदवाल्यांच्या डब्यात शेवटी अर्धीच खरवड गेली. उरलेली मी पाठमोरी बसून खाल्ली.