घरातलीच सोयरीक

केशवापूर, हुबळी
मार्च २००४

अण्णा,
नमस्कार.

परवा तुम्ही कलघटगीहून येऊन शीतलसाठी माझ्या उमेशला मागणी घातलीत. म्हणालात, "मामाची मुलगी भाच्यालाच. तुझ्या छातीतलं ते यंत्रही घरातल्या घरात झाकून जाईल." मी चहा गाळत राहिले.

यंत्र पदराआडही झाकतं. ठोका बिघडला की ते आतून झटका देतं, म्हणून मी आहे. पण हा दोष रक्तातून येतो. आपला भाऊ मधू विहिरीत पोहताना गेला, तेव्हा आपण पाण्याला बोल लावला. उमेशमध्येही दोष निघाला आहे. डॉक्टर म्हणतात, नवराबायको दोघांत असेल तर मुलांना फार जड जातं.

तुम्ही म्हणालात, शीतल धडधाकट आहे, तिला कसली तपासणी? ती काल स्वतःच आली. "आत्या, बाबांचा होकार येईपर्यंत मी म्हातारी होईन. चल, काढून घेऊ तो ईसीजी."

तिच्यातही आहे. रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवत म्हणाली, "म्हणजे उमेशपासून सुटले." आम्ही दोघी हसलो. तिला आजपासून गोळ्या सुरू झाल्या.

वहिनींच्या माहेरी असलं कुणालाच नाही. शीतलमध्ये आलं ते तुमच्याकडूनच, अण्णा. आता तुमचाही ईसीजी काढायचा आहे. हे कागदावर वाचून तुम्ही दुकानात एकटेच छातीवर हात ठेवून बसाल, म्हणून पत्र टाकत नाही. रविवारी आम्ही दोघी तुम्हाला न्यायला येतो.

तुमची,
विमल